वजन वाढलं, आता पुढे?

गेल्या दोन-तीन वर्षांत मला अनोळखी माणसांचे फोन यायला लागले आहेत. पारोळ्याहून, चोपड्याहून, कधी पार शिरपूरकडून. कुणीतरी नातेवाईक आमच्या स्वराबद्दल सांगतो, नंबर देतो, आणि पलीकडून एखादी आई किंवा मावशी विचारते, "ताई, तुमची पोरगी पण सातव्या महिन्यात झाली होती ना? आमचं बाळ पेटीतून बाहेर आलंय. वजन दीड किलोच्या वर गेलं, आता सुट्टी देणार म्हणतात. आता काही काळजी नाही ना?"

या प्रश्नाचं उत्तर फोनवर पाच मिनिटांत देता येत नाही, म्हणून लिहायला बसले. मी डॉक्टर नाही. अमळनेरजवळ एका जिनिंगच्या ऑफिसात हिशेब बघते. स्वरा आठ वर्षांची आहे, तिसरीत जाते. तिच्या निमित्ताने डॉक्टरांना विचारून, वाचून, आणि तिच्याकडे रोज बघून जे कळलं तेच इथे आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वजन वाढणं हा पहिला टप्पा. पोर चालायला लागणं हा दुसरा. आपल्याकडे बहुतेक घरं यातल्या एकावर येऊन थांबतात, आणि मग पोर शाळेत अडखळायला लागलं की त्याचा जन्माशी काही संबंध असेल असं कुणाच्या डोक्यातही येत नाही. मला त्याबद्दल बोलायचं आहे.

स्वरा २९व्या आठवड्यात झाली, वजन १०८० ग्रॅम. माझं बी.पी. एकदम वाढलं, डोकं ठणकायचं, डोळ्यांपुढे अंधारी यायची. तालुक्याच्या दवाखान्यात बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून डेक्सामेथासोनचा पहिला डोस दिला आणि मग जळगावला पाठवलं. मला झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेटही दिलं. ते औषध बाळाच्या मेंदूलाही थोडंफार राखतं, हे मला खूप नंतर समजलं. ज्यांच्या घरी गरोदर बाई आहे त्यांना एवढंच सांगते की कळा लवकर सुरू झाल्या तर "बघू सकाळी" म्हणू नका. फुप्फुसांसाठीच्या त्या पहिल्या इंजेक्शनला काम करायला वेळ लागतो.

३७ आठवड्यांच्या आत झालेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं. ३२च्या आतलं फारच लवकरचं, आणि २८च्या आतलं त्याहूनही नाजूक. २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं ३७ आठवड्यांआधी जन्मली आणि त्यातली ३० लाखांच्या आसपास एकट्या भारतात. म्हणजे आपल्या प्रत्येक गावात, प्रत्येक भाऊबंदकीत असं एखादं लेकरू असणारच. तरी ते मोठं झाल्यावर त्याचा जन्म कसा झाला होता हे घरात सहसा कुणी काढत नाही. वाचलं, देवाची कृपा, विषय संपला.

पेटीतले दिवस मी इथे फार लिहीत नाही. फक्त छातीशी धरण्याबद्दल लिहिते. दिवसातले जमतील तेवढे तास स्वराला उघड्या अंगाने माझ्या छातीशी बांधून ठेवायचे. मी थकले की तिचे पप्पा शर्टाची बटणं काढून बसायचे, आणि पुढे घरी आल्यावर माईंनीही, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ते केलं. याला कांगारू मदर केअर म्हणतात. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी पेट्या कमी पडत होत्या म्हणून हे सुरू केलं, आणि आज जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. बापाने बाळ छातीशी धरायला लाजू नये. वॉर्डात आमच्या शेजारी धरणगावकडचे एक आजोबा नातवाला असे घेऊन बसायचे. धोतर नेसलेले, पांढऱ्या मिशा, आणि छातीवर मुठीएवढं डोकं.

सुट्टी मिळाली तेव्हा हातात एक कार्ड आणि तपासण्यांची यादी होती. त्यातली पहिली डोळ्यांची. दवाखान्यात असतानाच एकदा डोळे बघितले होते, पण नंतरही पुन्हा पुन्हा न्यायचं होतं. डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या आईच्या पोटात अगदी शेवटच्या आठवड्यांपर्यंत वाढत असतात. बाळ लवकर बाहेर आलं की ती वाढ मध्येच अडते आणि मग त्या नको तशा वाढायला लागतात. याला आर.ओ.पी. म्हणतात. त्यात पडदा सुटू शकतो आणि नजर कायमची जाऊ शकते. आपल्याकडचा नियम असा की ३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोच्या आत जन्मलेल्या बाळाचे डोळे जन्मापासून महिन्याच्या आत तपासायचेच, आणि फार लहान बाळाचे दोन-तीन आठवड्यांतच. उपचार लागला तर तो दोन-तीन दिवसांत व्हावा लागतो. वरून डोळा अगदी चांगला दिसतो, काळाभोर, टपोरा. घरातल्या कुणालाही बघून कळत नाही.

भर मे महिन्यात आम्ही तिला घेऊन जायचो. सकाळची गाडी पकडायची, कारण दहानंतर डब्यात बसवत नाही. डॉक्टर थेंब टाकायचे, बाहुली मोठी झाली की तारेच्या छोट्या चिमट्याने पापण्या उघड्या धरायचे आणि कपाळावरच्या दिव्याने आत बघायचे. स्वरा किंचाळायची. माई बाहेर जाऊन उभ्या राहायच्या, त्यांच्याने ते ऐकवत नसे. पण एकही तारीख चुकवायची नाही यावर सगळ्यात ठाम त्याच होत्या. स्वराचा आजार पुढे न वाढता आपोआप ओसरला. चष्मा मात्र लागला, तोही लहानपणीच. कानांची तपासणीही अशीच. पेटीतल्या बाळाला नुसती साधी चाचणी पुरत नाही, बेरा, म्हणजे आवाज कानाच्या नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का हे बघणारी चाचणी, करून घ्यायची. पहिल्या चाचणीत पास झालेल्या बाळाच्या कानाच्या नसेत दोष असू शकतो, तो बेरात सापडतो.

आता पायांबद्दल.

मेंदूची सोनोग्राफी टाळूवरून करतात. स्वराच्या सोनोग्राफीत मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांच्या कडेला थोडे डाग दिसले होते. डॉक्टरांनी कागदावर काढून समजावलं होतं. हाता-पायांना हुकूम पोचवणाऱ्या नसांचे धागे या पोकळ्यांच्या बाजूने खाली उतरतात, आणि त्यात पायांचे धागे पोकळीच्या सगळ्यात जवळ असतात. चोवीस ते बत्तीस आठवड्यांच्या काळात मेंदूचा हाच भाग सगळ्यात कच्चा असतो. रक्तपुरवठा जरा कमी पडला, ऑक्सिजन खालीवर झाला की इजा इथे होते. आमच्या बोरी नदीला पूर आला की आधी काठाची शेतं जातात, तसं. म्हणून अपुऱ्या दिवसांच्या मुलांमध्ये दोन्ही पाय कडक आणि हात बरे असा प्रकार जास्त दिसतो. विल्यम लिटल नावाच्या इंग्रज डॉक्टरने अकाली आणि अवघड जन्माचा या कडकपणाशी संबंध १८६२ मध्येच मांडला होता.

मला या संबंधाचा पत्ता नव्हता, पण माईंच्या हातांना आधी कळलं. स्वरा घरी आल्यावर त्या तिला तेल लावायच्या, अगदी हलक्या हाताने, पाटावर पाय लांब करून, त्यावर तिला घेऊन. एक दिवस मला हाक मारली आणि म्हणाल्या, "माय, हिना पाय कडक लागतस." मी बघितलं. लंगोट बांधताना मांड्या उघडल्या की लगेच मिटायच्या. उभी धरली की पाय कात्रीसारखे एकावर एक जायचे आणि पंजे खाली ताणलेले, टाच टेकायचीच नाही. माईंनी चार मुलं आणि कितीतरी नातवंडं याच पायांवर न्हाऊ घातली होती. त्यांच्या हातांना सवय होती ती मऊ पायांची.

आम्ही एका ठिकाणी दाखवलं तर "कमी दिवसांचं बाळ आहे, उशीर होणारच, वर्षभर वाट बघा" असं सांगितलं. माईंनी ते ऐकून घेतलं नाही. माझ्यामते हे वाक्य आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान करतं, कारण ते अर्धं खरं आहे. उशीर होणारच, हे बरोबर. त्यासाठी दुरुस्त वय धरतात. ४० मधून जन्माचे आठवडे वजा करायचे आणि तेवढं वय कमी धरायचं. स्वराचे ११ आठवडे कमी. म्हणजे ती सहा महिन्यांची झाली तेव्हा तिच्याकडून साडेतीन महिन्यांच्या बाळाची अपेक्षा करायची. साधारण दोन वर्षांपर्यंत असं मोजतात. (लसी मात्र जन्मतारखेनेच द्यायच्या, त्या पुढे ढकलायच्या नाहीत.) कानबाईच्या रोटांना, म्हणजे खानदेशातल्या आमच्या कुळाच्या सणाला, सगळं कुळ जमलं की कुणी ना कुणी म्हणणारच, आमचा पोऱ्या तर पाचव्या महिन्यात पालथा पडला होता. तेव्हा हा हिशेब डोक्यात असला की जीव जळत नाही.

पण अंगाचा कडकपणा उशिरात मोजायचा नाही. दुरुस्त वयाने चार महिन्यांनंतरही मुठी घट्ट आवळलेल्या, वर्षाच्या आतच बाळ कायम एकच हात वापरतंय, पाय कात्रीसारखे, मान सावरत नाही, अशा वेळी वाट बघायची नसते. आता तर दुरुस्त वयाच्या तीन ते पाच महिन्यांत बाळ उताणं पडून हातपाय हलवतंय याचा नुसता व्हिडिओ बघून शिकलेले डॉक्टर धोका ओळखतात. ही सगळी घाई एवढ्यासाठी की पहिल्या दोन वर्षांत मेंदू नव्या वाटा सगळ्यात भरभर तयार करतो.

जिल्हा पातळीवर यासाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, त्यातलं हे केंद्र. फिजिओथेरपी, वाचा, कान, डोळे, दात असं एका छताखाली असावं ही त्यामागची कल्पना. पैसे लागत नाहीत. आशाताईंना विचारा, त्या पत्ता सांगतील, चिठ्ठीही मिळवून देतील. आमच्या आशाताई सुट्टीनंतर वर्षभर येऊन वजन बघून जायच्या.

व्यायाम मात्र घरीच करावा लागतो, रोज, आणि त्याला कुणी टाळ्या वाजवत नाही. फिजिओच्या मॅडमनी रबरी रोल आणायला सांगितलं होतं. माईंनी जुन्या गादीतला कापूस पिंजून एक कडक लोड भरून घेतला. त्यावर स्वराला घोड्यावर बसवतात तसं दोन्हीकडे पाय टाकून बसवायचं आणि समोर ताटलीत चुरमुरे ठेवायचे. चुरमुरा उचलायला ती पुढे वाकली की मांड्या आपोआप फाकायच्या, पाठ सरळ व्हायची. पुढे पायांत प्लास्टिकचे स्प्लिंट, म्हणजे पाऊल सरळ धरून ठेवणारे साचे, आले. उन्हाळ्यात त्याच्या आत घामोळं यायचं म्हणून आत सुती मोजे घालायचे आणि रोज पाय धुऊन कोरडे करून लाल चट्टा कुठे आहे का बघायचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या पोरी निंबाच्या झोक्यावर असायच्या तेव्हा स्वराला मांडीत घेऊन मीही बसायचे. मॅडमना विचारलं होतं, त्या म्हणाल्या होत्या, बसवा, तोल सावरायला शिकेल.

अडीच वर्षांची झाल्यावर स्वरा धरून धरून चालायला लागली. तिसरं वर्ष संपता संपता एकटी. आजही चवड्यांवर जोर देऊन चालते, गुडघे जरा आत. जिने चढते, शाळेत जाते, पळते पण पडते. त्या वर्षी आखाजीला गावातल्या बायांनी येऊन तिची दृष्ट काढली. घरात सगळ्यांना वाटलं की आता सुटलो. मलाही वाटलं, आणि तसं वाटणं मी चूक मानत नाही. तेवढा आनंद करायलाच हवा होता.

खरं म्हणजे पुढचाच भाग मला सगळ्यात जास्त सांगायचा आहे, कारण त्याबद्दल मला कुणी फोन करत नाही.

स्वरा वाचते छान. गोष्ट एकदा ऐकली की तिला शब्द न् शब्द पाठ. माईंशी अहिराणीत बोलते, माझ्याशी मराठीत, आणि कार्टून बघून हिंदीही. पहिलीत बाई म्हणाल्या, हुशार आहे. दुसरीत म्हणाल्या, हुशार आहे पण लक्ष नाही. तिसरीत गणिताच्या वहीवर लाल शेरे यायला लागले. मी स्वतः आकड्यांतच दिवस काढते, म्हणून एक दिवस काही न बोलता तिच्याशेजारी बसून नुसतं बघितलं.

४७ अधिक ३८. तिने ४७ लिहिले. खाली ३८ लिहिताना ३ हा ४च्या खाली न येता डावीकडे सरकला, ८ मधेच कुठेतरी. मग सात आणि आठ, बोटांवर पंधरा, बरोबर. पाच खाली लिहिला. हातचा एक. तेवढ्यात तिची नजर डावीकडच्या घराकडे जायला निघाली, ते घर नक्की कुठलं हे शोधण्यात वेळ गेला, आणि तोवर हातचा डोक्यातून गेला. उत्तर ७५. तोंडी विचारलं, सत्तेचाळीस केळ्यांत अडतीस मिळवली तर? जरा थांबून म्हणाली, पंच्याऐंशी. म्हणजे बेरीज येते. अडतं कुठे तर जागा ओळखण्यात आणि एक गोष्ट डोक्यात धरून दुसरी करण्यात.

फळ्यावरचं उतरवून घेतानाही तेच होतं. वर बघते, दोन अक्षरं घेते, खाली लिहिते, परत वर बघते तर ओळ सापडत नाही. तोपर्यंत बाई फळा पुसतात. दुपारनंतर ती इतकी दमलेली असते की डोकं बाकावर टेकवते. चालण्यातच तिची शक्ती इतरांपेक्षा जास्त खर्च होते, हेही वर्गात कुणाच्या लक्षात येत नाही.

हे सगळं स्वराचं एकटीचं नाही. फार लवकर जन्मलेल्या मुलांचा जगभर अभ्यास झाला आहे, आणि त्यात हेच चित्र दिसतं. गणित, जागेचं भान, कामापुरती स्मरणशक्ती, कामाचा वेग आणि एकाग्रता इथे ही मुलं मागे पडतात. लक्ष नसणं बऱ्याचदा गडबडीच्या रूपात दिसत नाही, मूल शांत बसून हरवलेलं असतं. म्हणून ते शिक्षकांच्या नजरेतून सुटतं. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये १९९५ साली २६ आठवड्यांच्याही आत जन्मलेल्या बाळांची एपिक्युअर नावाची पाहणी झाली. सहाव्या वर्षी त्यातल्या २२ टक्के मुलांना तीव्र अपंगत्व होतं, २४ टक्क्यांना मध्यम, ३४ टक्क्यांना सौम्य, आणि २० टक्क्यांना काहीच नाही. स्वरापेक्षाही कितीतरी लवकर जन्मलेली ती मुलं. माझी नजर त्यातल्या ३४ टक्क्यांवर अडकते. सौम्य म्हणजे घरात चालतं, शाळेत भोवतं. एकूणच फार लवकर जन्मलेल्या मुलांचा बुद्ध्यांकही मुदतीत जन्मलेल्यांपेक्षा सरासरी दहा-बारा गुणांनी कमी भरतो असं अभ्यास सांगतात. पण सरासरीतून माझी मुलगी मला कळत नाही. ती कळते वहीतून.

आम्ही काय केलं ते सांगते. मोठ्या चौकटींची वही आणली, एका चौकटीत एकच आकडा. हातचा डोक्यात ठेवायचा नाही, वर लाल पेन्सिलीने लिहायचा. बाईंना भेटून तिचं जन्माचं कार्ड दाखवलं. बाईंनी ते उलटून पालटून बघितलं आणि म्हणाल्या, "हे कुणी मला आधी सांगितलंच नाही हो." आता स्वरा पुढच्या बाकावर बसते, फळ्यावरचं एका मैत्रिणीच्या वहीतून उतरवते, आणि चाचणीत तिला जास्त वेळ मिळतो. समग्र शिक्षा अभियानातले विशेष शिक्षक शाळेत येतात, त्यांनी जागेचं भान यावं म्हणून काही खेळ दिले. ७५ चे ८५ रोज होत नाहीत, पण होतात.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढायला घरात नाराजी होती. पोरीच्या नावाला शिक्का कशाला, असं. अपंगांच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्याने अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर शिक्षणात आणि नोकरीत हक्क मिळतात, परीक्षेत सवलती मिळतात. सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेने येणाऱ्या अशा कडकपणाला हेच म्हणतात) असलेल्या मुलांना निरामय विमा योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा खर्च मिळू शकतो, त्यात थेरपीही येते. मी माईंना एवढंच म्हटलं की कागद कपाटात राहील, पोरीच्या कपाळावर नाही. त्यांनीच मग जिल्ह्याच्या शिबिराला यायचं ठरवलं.

मला खटकतं ते वेगळं आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फाईल बहुतेक ठिकाणी दोन वर्षांनंतर बंद होते. पाच-सहा वर्षांचं झालं, शाळेत जायची वेळ आली, की त्याला कुणीतरी पुन्हा बोलावून नजर, हात, लक्ष, भाषा, आकडे हे सगळं बघायला हवं. बाल स्वास्थ्यची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतातच. त्यांच्या कार्डावर जन्माचे आठवडे आणि वजन एवढे दोन रकाने भरून घेतले तरी कितीतरी मुलं "लक्ष नाही" या शेऱ्यातून सुटतील. तोवर आपणच सांगायचं. सुट्टीचं कार्ड लॅमिनेट करून ठेवा आणि बालवाडी, पहिली, तिसरी, पाचवी, दर वर्षी नव्या बाईंना, सरांना दाखवा.

स्वरा आता भराभर उंच होते आहे. हाडं वाढतात, कडक स्नायू त्या वेगाने लांब होत नाहीत, म्हणून टाचा पुन्हा उचलायला लागल्या आहेत. दिवाळीआधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं आहे, बहुधा इंजेक्शन आणि नवे स्प्लिंट. परवा तिने विचारलं, माझेच पाय असे का? मी तिला डॉक्टरांनी काढून दिला होता तो कागद काढून दाखवला. तिने बोट ठेवून विचारलं, हे पायांचे धागे? हो म्हटलं. मग म्हणाली, हातांचे लांबून जातात म्हणून मी चित्र चांगलं काढते का? म्हटलं, हो, तेही एक कारण.

तुमच्यापैकी कुणाचं फार लवकर जन्मलेलं मूल आता पहिली ते पाचवीत असेल तर मला जरूर कळवा. विशेषतः गुणाकार आणि भागाकार तुम्ही कसे शिकवले ते हवं आहे. आमच्याकडे दिवाळीनंतर भागाकार सुरू होतो.